आबा, ती दोरी गच्चीवर नेऊन ठेवा

सोसायटीचे सन्माननीय प्रमुख आबा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. डोकं जमिनीला टेकवणारच होतो, पण पार्किंगमध्ये सध्या जे साचलंय ते पाहता उभ्यानंच स्वीकारावा.

२०२३च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेनं इंदूरच्या जोडीनं देशात पहिला नंबर काढला, तेव्हा ग्रुपवर सगळ्यात आधी तुम्ही फटाके फोडलेत. शहराच्या हद्दीवरच्या आपल्या सोसायटीत ड्रेनेज लाइन अजून यायची आहे. तोवर तो नंबर खाळकुव्यावर, म्हणजे आपल्या सेप्टिक टाकीवर, तरंगतोय.

खाळकुव्याची झाकणं कुठं आहेत हे आता तुम्हालाच ठाऊक, कारण त्यावर चकचकीत फरशी बसवण्याचा ठराव तुमचा. डिश लावताना हवेचा पाइप कापून वर टोपण घातलं, तेही तुम्हीच. वर्षातून एकदा काठीला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत घालायची, गाळ किती चढलाय ते बघायचं, टाकी तिसरा हिस्सा भरली की सक्शनची गाडी बोलवायची, एवढंच काम. त्याऐवजी आपण अ‍ॅसिड ओतलं. मैला कुजवणारे जिवाणू मेले, गाळ मजेत आहे.

हेही हसून सोडलं असतं. पण सक्शनची गाडी महाग पडते म्हणून तुम्ही नाक्यावरून दोन पोरं आणलीत आणि एकाच्या कमरेला दोरी बांधायला घेतलीत. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी! वर म्हणालात, ‘पाच मिनिटांचं काम.’

आबा, आतला वायू पाच मिनिटं देत नाही. हायड्रोजन सल्फाइड थोडा असेल तर सडक्या अंड्यांचा वास येतो. वाढला की नाकच बधिर होतं. माणसाला वाटतं, हवा सुधारली. तेवढ्यात तो कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही राहतो. नोव्हेंबर २०२३मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पलसाण्याला, एका मिलच्या टाकीत बिहारचे चार कामगार गेले. ऐन दिवाळीत. २०१९ला डभोईजवळ एका हॉटेलच्या टाकीत सात. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवला तर २०१३च्या कायद्यानं पहिल्याच खेपेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि तुम्हाला गाडीचं भाडं जड झालं!

त्या पोराला तुम्ही गाव विचारलंत. नंदुरबारकडचा निघाला. ‘अरे, आपलाच माणूस,’ म्हणालात, आणि गाठ आवळलीत. त्याच्याच वयाचे असताना तुम्ही धरणगावहून भुसावळ-सुरत पॅसेंजरनं उधन्याला उतरला होतात ना? तेव्हा कोणी तुमच्या कमरेला अशी दोरी बांधली असती तर?

असो. अर्ध्या सोसायटीनं मेंटेनन्स थकवलाय, तरी तुंबलं की पहाटे कडी तुमचीच वाजते. प्रमुखपद कोणालाच नको होतं म्हणून तुमच्या गळ्यात पडलं. पगार शून्य, शिव्या भरपूर. परवा रात्री लुंगी खोचून, खराटा घेऊन एकटेच पार्किंग धूत होतात. खिडक्यांतून बघणारे खूप होते, खाली कोणी आलं नाही.

रविवारी गाडी सांगितली आहे. पैसे घरटी वाटून घेऊ. थकबाकीदारांची यादी जिन्यात मी लावतो, यावेळच्या शिव्या मला खाऊ द्या. शनिवारी गवंडी फरशी फोडायला येईल. तुमची बुलेट बरोबर झाकणावर उभी असते, ती तेवढी हलवा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तळमजल्यावरचा