भाऊजींची शिल्लक

मोजल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारी माणसं असतात. आमचे भाऊजी त्यांतले. धाटावच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या स्टोअरचा ताबा त्यांच्याकडे आहे आणि संध्याकाळी रोह्याला घरी आले तरी तो ताबा सुटत नाही. बाजारातून आणलेले सुके बोंबील ते घरी ओट्यावर पसरून पुन्हा मोजतात. कमी भरले तर भांडायला जातात. एखादा जास्त भरला तरी त्यांना चैन पडत नाही, कारण जास्त निघणं हीसुद्धा हिशेबातली चूकच. अशा माणसाच्या डोक्यावरचा माल तिशीपासून बाहेर जायला लागला. ना चलन, ना गेटपास.

पहिली काही वर्षं चौकशीत गेली. संशयित भरपूर होते: कंपनीचं हेल्मेट, बोअरचं पाणी, धाटावची हवा आणि लग्न. "लग्नाच्या फोटोत केस आहेत, मुलाच्या बारशाच्या फोटोत नाहीत. मधल्या काळात घरात कोण आलं?" असं ते ताईच्या देखत विचारत. खरा आरोपी भिंतीवर हार घालून बसला होता. वडिलांचं डोकं चकचकीत होतं आणि आजोबांनी फोटोसाठी टोपी घातल्यामुळे पुरावा झाकला गेला होता. शेवटी त्वचारोगाच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं द्रव्य तयार होतं, ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांच्या पुढच्या आणि टाळूवरच्या केसांची मुळं त्याने बारीक होत जातात, मागच्या बाजूच्या मुळांना मात्र ते सहसा बाधत नाही. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मागची बॅच चांगली, पुढची डिफेक्टिव्ह."

उपाय सगळे झाले. माका झाला, जास्वंद झाली. आईने पेणहून भाजीसाठी पाठवलेली अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची अख्खी माळ किसून डोक्याला लावून झाली. तो आठवडाभर शेजारचे खिडक्या लावून बसत. मग मिनॉक्सिडिल आलं. हे मूळचं रक्तदाबाचं औषध. रुग्णांच्या अंगावर केस वाढायला लागले तेव्हा कंपनीला नवा धंदा सुचला. ते लावल्यावर सुरुवातीला जुने केस थोडे जास्त गळतात, नंतर नवे येतात. भाऊजींनी पहिल्या महिन्यात उशीवरचे केस मोजले, शॉर्टेज वाढलेलं दिसलं आणि बाटली बंद केली. फिनास्टेराइड हे मुळात प्रोस्टेटसाठी निघालेलं. त्याच्या खोक्यातला दुष्परिणामांचा कागद ताईने जेवताना मोठ्याने वाचायला घेतला. तिसऱ्या ओळीला भाऊजींनी तो कागद तिच्या हातून काढून घेतला आणि गोळ्यांचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

2025 च्या जानेवारीत बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांना तीन-चार दिवसांत टक्कल पडल्याच्या बातम्या आल्या. पुढे आपल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ज्यांना जग ओळखतं त्यांनी, तिथल्या रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. भाऊजींनी त्याच दिवशी गहू वर्ज्य केला. ताई म्हणाली, "अहो, जन्मभर तांदळाची भाकरी आणि भात खाताय. तुमच्या पोटात गहू गेला कधी?" त्यावर उत्तर नव्हतं. बुलढाण्यात बऱ्याच जणांचे केस पुन्हा उगवायला लागल्याचं वाचून मात्र भाऊजी दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत.

केसांच्या प्रत्यारोपणाचा निर्णय झाला तो कंपनीच्या गेटवर. नव्या वॉचमनने ओळखपत्रावरचा फोटो पाहिला, समोरचा माणूस पाहिला आणि नम्रपणे विचारलं, "साहेब, ज्यांचं कार्ड आहे ते कुठे आहेत?" कागदावरचा साठा आणि प्रत्यक्षातला साठा जुळत नाही, हा आरोप कोणताही स्टोअरकीपर सहन करू शकत नाही.

मग वाशी, ठाणे, पनवेल इथल्या क्लिनिकांकडून कोटेशनं मागवली गेली. भाव ग्राफ्टवर असतो. ग्राफ्ट म्हणजे केसांचा एक पुंजका आणि एका पुंजक्यात एकापासून चारपर्यंत केस असू शकतात, हे कळल्यावर भाऊजींनी सगळ्यांना पुन्हा फोन लावून दर केसाचा भाव विचारला. एका मुलीने फोन ठेवून दिला. इस्तंबूलच्या पॅकेजचीही चौकशी झाली; विमान, हॉटेल आणि केस एकत्र. ताई म्हणाली, "त्या पैशात माझे चारधाम होतात." इस्तंबूल तिथेच मिटलं.

खरा धक्का पुढे होता. नवा केस कोणीच देत नाही. मागच्या बाजूची मुळं एक-एक करून काढायची आणि पुढे लावायची, एवढंच. काढल्या जागी पुन्हा उगवत नाही. "म्हणजे आवक शून्य!" भाऊजी ओरडले. "नुसता स्टॉक ट्रान्सफर! माझाच माल काढून मलाच विकतात!" दोन महिने सगळं याच मुद्द्यावर अडलं होतं.

ताईचं अडणं वेगळ्या कारणाने होतं. 2019 च्या मार्चमध्ये मुंबईत एका 43 वर्षांच्या व्यावसायिकाने एकाच बैठकीत नऊ हजारांच्या आसपास ग्राफ्ट लावून घेतले आणि दोन दिवसांत तो दगावला. त्या बातमीचं कात्रण तिने डब्यात जपून ठेवलं होतं. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बजावलं, की ही शस्त्रक्रिया शिकलेल्या डॉक्टरनेच करावी, यूट्यूबवर बघून शिकलेल्याने नव्हे. तेही तिला पाठ होतं. शेवटी पनवेलच्या क्लिनिकात गेल्यावर भाऊजी दरपत्रक वाचत बसले आणि ती भिंतीवरची पदवी वाचत उभी राहिली. फोटो काढला, नोंदणी क्रमांक तपासला, सुईच्या औषधाची अ‍ॅलर्जी कशी बघता ते विचारलं. डॉक्टर म्हणाले, बावीसशे ग्राफ्टच्या वर जाणार नाही, मागचा साठा पुढच्या वयासाठी राखायला हवा. राखीव साठा हा शब्द ऐकून भाऊजींचा चेहरा प्रथमच खुलला.

डॉक्टरांनी कपाळावर मार्करने नव्या केसांची रेघ मारून दाखवली. भाऊजींना ती लग्नाच्या फोटोइतकी खाली हवी होती. वाद मिटेना, तेव्हा ती रेघ तशीच ठेवून, वर टोपी चढवून, परतीच्या वाटेवर ते पेणला आमच्या गणपतीच्या कारखान्यात उतरले. श्रावण चालू होता. गणपतीच्या आधीच्या दिवसांत पेणच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नसते. मूर्ती रंगून झालेल्या, डोळे तेवढे बाकी. डोळ्यांची आखणी आमचे काका करतात आणि त्या वेळी कोणी मोठ्याने शिंकलं तरी त्यांना चालत नाही. भाऊजींनी टोपी काढली. काकांनी त्यांना दोन बिनडोळ्यांच्या मूर्तींमधल्या स्टुलावर बसवलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"लय खाली हाय. आणि पट्टी लावून मारलेय काय ही रेघ?" काका म्हणाले. "अशी सरळ कडा मुकुटाला असते. पन्नाशीला आलेल्या माणसाला दोन बाजूंना कोपरे लागतात."

त्यांनी ओल्या फडक्याने रेघेच्या दोन्ही कडा पुसल्या आणि बारीक ब्रशने बोटभर वर, थोडी वाकडीतिकडी, तुटक रेघ ओढली. पुढे डॉक्टरांनी तिचा फोटो पाहून "हेच मी सांगत होतो" म्हटलं आणि बहुतेक तशीच ठेवली. काकांनी पैसे घेतले नाहीत. बिल नसलेल्या कामाची नोंद कुठे करायची, ही चिंता भाऊजींना अजून आहे.

तारीख मिळाली ती अनंत चतुर्दशीनंतरची, पितृपंधरवड्यातली. त्या दिवसांत गिऱ्हाईक कमी, म्हणून सवलत होती. भाऊजींच्या आई म्हणाल्या, "पितरांच्या दिवसांत नवं काही करू नये." भाऊजी म्हणाले, "नवं कुठंय काय? जुनंच इकडचं तिकडे." शास्त्राच्या आधाराने त्यांनी केलेला हा एकमेव युक्तिवाद असेल.

शस्त्रक्रियेत भूल फक्त डोक्याच्या कातडीला असते, माणूस जागा असतो. सात-आठ तास पालथं आणि मग उताणं पडून भाऊजी नर्सच्या तोंडचे आकडे ऐकत राहिले: सिंगल इतके, डबल इतके, ट्रिपल इतके. मधे डोळा लागला, तेव्हा उठल्यावर चुकलेले आकडे त्यांनी पुन्हा वदवून घेतले.

पनवेलहून पेणपर्यंत ते आले, पण पुढे वडखळ, नागोठणे, भिसे खिंड असं करत रोह्याला जायला त्यांनी साफ नकार दिला. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम किती वर्षं चाललंय हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. "बावीसशे टाकून आलोय. नागोठण्यापर्यंत किती उरतील?" असा त्यांचा प्रश्न होता. डॉक्टरांनी फक्त डोकं कशावर आपटू देऊ नका, एवढंच सांगितलं होतं. पण वडखळच्या पुढे ही अट कोण पाळणार? म्हणून ते आमच्या माजघरात आरामखुर्चीत राहिले. झोपायचं तेही पंचेचाळीस अंशांत, डोकं वर ठेवून. कोन त्यांनी माझ्या मुलाच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने तपासला. ठरल्या वेळाने सलाईनचा फवारा मारायला घरातल्या माणसांच्या पाळ्या लागल्या. तिसऱ्या दिवशी कपाळाची सूज उतरून डोळ्यांवर आली आणि पापण्या उघडेनात. सूज येणार हे डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, तरी आई घाबरली. काका येऊन बघून म्हणाले, "आता आखणी राहिली, बाकी मूर्ती तयार हाय." गच्चीवर पितरांसाठी पान ठेवलं जायचं, तेव्हा भाऊजी दारं-खिडक्या लावून घेत. कावळ्याचा भरवसा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

रोह्याला गेल्यावर निराळंच प्रकरण उभं राहिलं. पितृपंधरवडा, डोक्याचं मुंडण, वर टोपी आणि सुजलेले डोळे. बाजारात जो भेटेल तो हात धरून विचारी, "कोण गेलं हो?" खरं सांगायची सोय नव्हती. भाऊजी "लांबचे होते" म्हणून मान खाली घालत. दोन शेजारणी संध्याकाळी पिठलं-भात घेऊन आल्या. ताईने तो मुकाट्याने घेतला. हेल्मेट घालता येत नाही म्हणून कंपनीत रजा टाकली होती. त्या अर्जात कारण काय लिहिलं ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही.

खपल्या दहा दिवसांत गेल्या आणि खाली बारीक केस दिसू लागले. दसऱ्यानंतर रोह्याचं ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते. पोलीस सशस्त्र मानवंदना देतात, सगळं गाव रस्त्यावर असतं. तिथे टोपी काढून दर्शन घ्यायचं, असा बेत होता. नेमक्या त्याच आठवड्यात लावलेले केस गळायला लागले. तीन-चार आठवड्यांनी असं होतंच. केस गळतो, मूळ आत राहतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवा केस फुटतो. हेही लिहून दिलेलं होतं. पण लिहिलेलं वाचणं वेगळं आणि टॉवेलवर पाहणं वेगळं. भाऊजींनी डॉक्टरांना फोन करून "संपूर्ण लॉट रिजेक्ट" असं कळवलं आणि पालखीला टोपी घालूनच गेले.

पुढचे तीन महिने त्यांच्या आयुष्यातले सर्वांत अवघड. मोजायला काहीच नव्हतं. बोंबीलसुद्धा त्या काळात त्यांनी न मोजता घेतले, असं ताई सांगते. मग थंडी सरता सरता कपाळावर लव आली आणि उन्हाळ्यापर्यंत भांग पाडण्याइतकं पीक उभं राहिलं. टाळूवरचा चंद्र तसाच आहे. तिथपर्यंत साठा पुरला नाही. उरलेले जुने केस टिकवायला ती बंद केलेली मिनॉक्सिडिलची बाटलीही पुन्हा सुरू करावी लागली. गेटवरचा वॉचमन आता कार्ड न बघता सलाम करतो. तो रोज पाहून ओळखायला लागलाय, केसांचा त्यात काही वाटा नाही, हे भाऊजींना सांगायची कोणाची छाती नाही.

तेव्हा ज्यांचा विचार चालू असेल त्यांना एवढंच सांगणं: दराआधी डॉक्टरची पदवी बघा, साठा मागे किती शिल्लक आहे ते विचारा, वर्षभर वाट बघायची तयारी ठेवा आणि तारीख ठरवताना पितृपंधरवडा तेवढा टाळा.