दहा टक्के माफ

विद्यापीठामागच्या गल्लीत एक झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर टायपिंग, स्पायरल, लॅमिनेशन वगैरे नेहमीचं, आणि खाली ताज्या रंगात एक ओळ : 'प्लॅजरिझम काढून मिळेल.' गॅरेजवाला गाडीचे पोचे काढून देतो, तसं.

मी आधार कार्ड लॅमिनेट करायला गेलो होतो. काउंटरपाशी एक संशोधक मुलगा उभा होता. विषय तालुक्यातल्या दूध संस्था, पुढे अर्थातच 'एक चिकित्सक अभ्यास'. हातातल्या अहवालात सॉफ्टवेअरने ४७ टक्के साम्य दाखवलं होतं.

"गाइड काय म्हणाले?" मी विचारलं.

"दहाच्या आत आण म्हणाले."

सत्तेचाळीस टक्के कुणाचे, कुठून आले, हे गाइडने विचारलं नव्हतं. डॉक्टरने फक्त काट्याकडे बघून 'वजन उतरवा' म्हणावं, तसा सल्ला.

दुकानदाराला सगळे काका म्हणतात. त्यांच्या काउंटरवरून डॉक्टर होऊन गेलेल्यांचा आकडा एखाद्या मेडिकल कॉलेजला लाजवील. नियम त्यांना तोंडपाठ. "साहेब, यूजीसीने २०१८ला स्लॅब पाडलेत, इन्कम टॅक्ससारखे. दहा टक्क्यांपर्यंत माफ. चाळीसपर्यंत गेलं तर सहा महिन्यांत सुधारून आणा. साठपर्यंत गेलं तर वर्षभर तोंड दाखवू नका. त्याच्या वर नोंदणीच रद्द. सर लोकांनी साठ ओलांडले तर दोन इन्क्रिमेंट जातात आणि तीन वर्षं नवा विद्यार्थी मिळत नाही." शेवटचं वाक्य म्हणताना काकांचा आवाज हळवा झाला. गिऱ्हाईकच तुटतं ना.

घरफोडीला हा हिशेब अजून का लावला नाही, कळत नाही. शंभरातले दहा तोळे नेले तर गुन्हा नाही, चाळीस नेले तर सहा महिन्यांत पुन्हा नीट चोरी करून दाखवा.

नियमात आणखी एक बारकावा आहे. सामान्य माहितीतले किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्द चालतात. त्यामुळे काकांचं सगळं कसब पंधराव्या शब्दावर. तिथे ते 'तथापि' ठोकतात. वाक्य लंगडतं, पण सुटतं.

मग शब्दांची अदलाबदल. पडद्यावर 'धवलक्रांती'ची 'शुभ्र उलथापालथ' झाली होती आणि 'बचत गट' हा 'काटकसर टोळी' झाला होता. मी हसलो, पण हा रोग जागतिक आहे. गियोम काबानाक हे फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी २०२१मध्ये शोधनिबंधांतून असे छळलेले शब्द वेचून दाखवले. त्यात 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालं होतं, म्हणजे बनावट शुद्ध. आमची टोळी त्या मानाने सभ्य.

"पूर्वी हे लागायचंच नाही," काका म्हणाले. "जुन्या फॉन्टात टाइप केलं की झालं. पडद्यावर मराठी, पोटात इंग्रजी अक्षरांचा काला. सॉफ्टवेअर वाचणार काय कपाळ? साम्य शून्य! आता युनिकोड मागतात." हस्तिदंती फण्यांचा धंदा बसलेल्या कारागिरासारखा त्यांनी उसासा टाकला.

मला राहवेना. मी जर्मनीची गोष्ट काढली. संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग. प्रबंधात उचललेला मजकूर लोकांनी इंटरनेटवर एकत्र येऊन पानापानाने शोधला. बायरॉइट विद्यापीठाने डॉक्टरेट काढून घेतली आणि मार्च २०११मध्ये गृहस्थांचं मंत्रिपद गेलं. छापखानेवाल्या गुटेनबर्गपेक्षा यांच्या आडनावात एक 'टी' जास्त, एवढाच काय तो यांचा मूळ मजकूर.

"थिसिसपायी मंत्रिपद?" काका माझ्याकडे संशयाने बघू लागले. मुलाने विचारलं, "त्यांचे टक्के किती होते?"

मग मी साधंच सांगितलं. ज्याचं वाक्य, त्याला अवतरणचिन्हं घाल आणि खाली त्याचं नाव लिही. वाक्य बदललंस तरी विचार त्याचाच, तेव्हा तिथेही नाव लिही. दुसऱ्याचं वाचून झालं की पुस्तक मिटव आणि आपल्या भाषेत लिहून बघ. लिहिता आलं नाही, तर आपल्याला ते समजलेलं नाही. आणि नाव देऊन अवतरणात घातलेला मजकूर टक्क्यांत धरत नाहीत, हेही त्याच नियमांत आहे.

"म्हणजे नाव दिलं की फुकट?" मुलगा चकित झाला. काका झाले नाहीत. त्यांचा दर पानाला चाळीस रुपये होता.

"नाव कुणाचं देऊ पण?" तो म्हणाला. "मी सीनियरच्या थिसिसमधून घेतलं. त्याने कुठून घेतलं, काय माहीत."

काकांना माहीत होतं. तेव्हाही टायपिंग त्यांचंच होतं.

तेवढ्यात काकांनी 'हे माझे स्वतःचे मूळ लेखन आहे' हे प्रतिज्ञापत्र कालच्या पोराच्या फाइलमधून उचलून याच्या फाइलमध्ये चिकटवलं. नाव बदललं, तारीख बदलली. मग ऋणनिर्देश काढला. गुरुवर्य, ग्रंथपाल, आईवडील, सगळे होते. शेवटी ओळ होती : 'माझी पत्नी आणि चिमुकली कन्या यांनी रात्र रात्र सोसलेली गैरसोय शब्दांत मांडणे अशक्य आहे.'

"काका, माझं लग्न कुठे झालंय?" मुलगा कळवळून म्हणाला.

काकांनी प्रिंटची कळ दाबली. "असू दे रे. ऋणनिर्देश टक्क्यांत धरत नाहीत."