नानांची सुटी

सहामाहीचा शेवटचा पेपर सुटला की आपली सुटी लागली, असं शिंदखेड्यातल्या पोरांना वाटतं. सुटी खरं तर नानांची लागलेली असते.

नाना म्हणजे कुणी एकच गृहस्थ नव्हे. प्रत्येक गल्लीत एक नाना असतो. कुठे त्याला आप्पा म्हणतात, कुठे भाऊ, कुठे नुसतंच 'साहेब', पण माणूस तोच. तालुक्याचं गाव असल्यामुळे कुठल्या ना कुठल्या कचेरीत तो खुर्चीला असतो. गावाकडे चार एकर कपाशी असते, ती थोरला भाऊ बघतो. वर्षभर साठवलेली अर्जित रजा तो आजारपणात घालवत नाही, सासुरवाडीच्या लग्नातही घालवत नाही. ती आश्विनासाठी राखलेली असते. 'पोरांची सुटी सत्कारणी लागली पाहिजे,' हे त्याचं ब्रीद. ते तो इतक्या गंभीरपणे म्हणतो की ऐकणाऱ्याला कुणीतरी गेल्यासारखं वाटतं.

आमच्या गल्लीतल्या नानांना मुलं दोन. थोरली सातवीत, धाकटा चौथीत. दोघांनाही छंद नाही, ही नानांची जुनी तक्रार. 'आमच्या वेळी' असं म्हणून ते सुरू करतात, पण त्यांच्या वेळी त्यांना कसला छंद होता हे घरात कुणालाच आठवत नाही. त्यांच्या आईला एवढंच आठवतं, की नाना लहानपणी दुसऱ्यांचे भोवरे दुरुस्त करून द्यायचे आणि ते भोवरे पुन्हा कधी फिरायचे नाहीत.

तशी रंगीत तालीम सुटीच्या आधीच सुरू होते. भाद्रपदातल्या पौर्णिमेला घरोघरी गुलाबाई बसते. मातीची गुलाबाई, शेजारी तिचे गुलोजीराव, वर जमेल तसा मखर. मग कोजागिरीपर्यंत संध्याकाळी मुली घराघरांतून गाणी म्हणत फिरतात आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा. गोड का तिखट, तळलेला का भाजलेला, असं करत करत डब्याच्या झाकणापर्यंत पोचायचं. खेळ मुलींचा, गाणी मुलींची. यात बापाला काही काम नाही. पण आपल्या घरचा खाऊ पहिल्या झटक्यात ओळखला जातो, हे गेल्या वर्षी नानांच्या कानावर गेलं आणि त्यांना तो खानदानाचा अपमान वाटला.

यंदा त्यांनी सूत्रं हाती घेतली. खाऊचा वास गल्लीत जाऊन फुटतो, असा शोध लावून त्यांनी मिरचीची भजी तळताना स्वयंपाकघराच्या खिडक्या आणि दारं आतून लावून घेतली. आश्विनातलं ऊन, चुलीवर तेल, आणि बंद खोलीत मिरच्या. नानांसह सगळं घर खोकत होतं. बाहेर ओट्यावर मुली टिपऱ्या घेऊन उभ्या होत्या. त्यांतली एक खोकल्याचा आवाज ऐकून म्हणाली, 'मिरचीची भजी.' वहिनींनी खिडक्या उघडल्या आणि त्या दिवसापासून गुलाबाईच्या खात्याचा कारभार पुन्हा आपल्याकडे घेतला.

नानांनी ते मनाला लावून घेतलं नाही. त्यांच्यापुढे कंदील होता.

आकाशकंदील बाजारात तयार मिळतो, याची नानांना कल्पना आहे. पण विकतच्या कंदिलात पोरांच्या हाताला वळण कुठे लागतं? म्हणून बुरुडाकडून कामट्या, दुकानातून घोटीव कागद, घरात कणकेची खळ. नाना मधोमध मांडी घालून बसले. थोरलीकडे कात्री सांभाळण्याचं काम, धाकट्याकडे खळीची वाटी. दोन संध्याकाळी त्या घरातून फक्त पाच वाक्यं ऐकू येत होती: 'धर.' 'सोडू नको.' 'सोड म्हटलं ना!' 'कात्री कुठंय?' 'हात लावू नको, ओलं आहे.' थोरलीला मासा करायचा होता, धाकट्याला विमान. नाना म्हणाले, ते पुढच्या वर्षी, आधी पाया पक्का होऊ द्या. पाया बारा कोनांचा होता.

मी सहज डोकावून विचारलं, 'नाना, काय चाली राहिनं?'

'काही नही भो, पोरेस्ले छंद लाई राहिनू.'

पोरं तेव्हा भिंतीला टेकून झोपली होती. धाकट्याच्या हातात वाटी मात्र सरळ होती.

आतून वहिनींचा आवाज आला, 'सुटी पोरेस्नी शे का तुमनी?' यावर नानांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी कात्री कुठंय असं विचारलं.

कंदील झाला, आणि चांगला झाला, हे कबूल केलं पाहिजे. एका बाजूला कलला होता, पण भारदस्त होता. खळ वाळावी म्हणून तो रात्री ओट्यावर ठेवला. सकाळी शेजारची बकरी खालच्या झिरमिळ्या खाऊन कोनांपर्यंत आली होती. कणकेची खळ, तिचा काय दोष! नानांनी धाकट्याला बोलावून गंभीरपणे सांगितलं, की बघ, निसर्गात काही वाया जात नाही. धाकट्यानं ते निरीक्षण वहीत लिहून ठेवलं.

ही निरीक्षण वही म्हणजे नानांचं सगळ्यात आवडतं हत्यार. सुटीत रोज एक पान. वहीतल्या काही नोंदी मी पाहिल्या आहेत. 'आज कापूस पाहिला. तो पांढरा होता.' 'आज सुलवाड्याला तापीवर पक्षी पाहायला गेलो. नाना शिंकले. पक्षी गेले.' 'एक धोबी पक्षी दिसला. तो आमच्या शाळेच्या टाकीजवळ रोज येतो.' ही शेवटची नोंद वाचून नाना दुखावले. पहाटे उठून, तिघं एका मोटारसायकलवर बसून, बॅरेजपर्यंत जाऊन पाहिलेला पक्षी शाळेच्या टाकीजवळ मिळू नये असं त्यांना वाटत होतं. दसऱ्याला नीलपंख दिसणं शुभ, म्हणून त्या दिवशीही एक फेरी झाली. नीलपंख परतीच्या वाटेवर विजेच्या तारेवर बसला होता. नाना गाडी चालवत असल्यामुळे त्यांनाच तेवढा दिसला नाही.

दिवाळीचा किल्ला ही खरं तर पुण्याकडची रीत, आमच्याकडे तिचं एवढं प्रस्थ नाही. पण नानांनी तरुणपणी एक वर्ष पुण्यात काढलं आहे आणि ते वर्ष अजून संपलेलं नाही. पोरांना रायगड हवा होता, कारण रायगडावर मावळे ठेवता येतात. नाना म्हणाले, 'खान्देशातल्या पोरानं खान्देशातला किल्ला करावा. लळिंग आहे, सोनगीर आहे, थाळनेर आहे.' शेवटी थाळनेर ठरला. तापीकाठचा किल्ला, फारुकींची पहिली राजधानी. अंगणात माती आली, विटांचे तुकडे आले, तापीसाठी निळं प्लास्टिक अंथरलं गेलं. पोरं जांभया देऊ लागली तेव्हा नानांनी इतिहास काढला. फेब्रुवारी 1818. सर थॉमस हिस्लॉपची इंग्रजी फौज किल्ल्यासमोर. किल्लेदार तुळशीराम मामा बाहेर येऊन स्वाधीन झालेला, पण आत दरवाजापाशी झटापट झाली, दोन इंग्रज अधिकारी पडले. मग आतल्या शिबंदीची कत्तल, आणि मामाला फाशी.

'फाशी?' धाकटा एकदम उठून बसला. दहा दिवसांत पहिल्यांदाच पोरांना सुटीत रस वाटला. कुठं दिली? कशाला बांधलं? मग पुढचं काम नानांना न विचारता झालं. थोरलीनं कामटीचा खांब रोवला, धाकट्यानं दोरा आणला. मावळा नव्हता, म्हणून जुन्या खेळण्यांतला स्पायडरमॅन काढला. लटकवायला तो तसाही सोयीचा. नाना 'अरे, हे शोभतं का, इतिहासातून घ्यायचं काय असतं' असं सांगत होते, तोवर शिक्षा अंमलात आली होती.

नेमकी त्याच वेळी रिक्षा येऊन थांबली आणि सुरतेचे मामा उतरले.

आमच्या भागात दिवाळी कॅलेंडरवर दिसते त्याआधी रेल्वे स्टेशनवर दिसते. निम्मा खान्देश उधना-लिंबायतला राहतो. लूम बंद झाले, कापडबाजाराला सुटी लागली, की लाभपाचमीपर्यंत सगळे माघारी. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाड्या त्या आठवड्यात माणसांनी गच्च भरलेल्या असतात. दोंडाईचा, विखरण, शिंदखेडा, नरडाणा, बेटावद, प्रत्येक स्टेशनावर पिशव्या आधी उतरतात, मग माणसं. मामांच्या एका हातात घारीचा डबा, दुसऱ्या हातात फटाक्यांची पिशवी. धाकटा धावत जाऊन त्यांना बिलगला आणि म्हणाला, 'मामा, आत्ताच तुम्हाला फाशी दिली!'

मामा हसून म्हणाले, 'दाजींनीच सांगितलं असणार.'

मामा छंद लावत नाहीत. ते आले, त्यांनी पत्ते काढले, आणि मेंढीकोट सुरू झाला. कुणी कुणाला काही शिकवत नव्हतं, तरी चौथीतलं पोरगं दोन दिवसांत हुकूम मोजायला शिकलं. नानांना राहवेना. त्यांनी पत्त्यांतून संभाव्यता समजावायला घेतली. तिसऱ्या डावात धाकट्यानं त्यांच्यावर कोट चढवला, तेव्हा संभाव्यतेचा तास संपला.

पाडव्यानंतर थोरल्या काकांचा गावाकडून निरोप आला. वेचणीला बाया मिळेनात, पोरं पाठवून दे. नाना म्हणाले, बरं झालं, पोरांना श्रमाचं मोल कळेल. पोरांना ते कळलं की नाही सांगता येत नाही. त्यांनी सकाळी दोन ओळी वेचल्या आणि उरलेला दिवस घरातल्या कापसाच्या ढिगाऱ्यावर उड्या मारल्या. खोलीभर कापूस, वर आढ्याला हात लागेल इतका ढीग. केसांत, कानांत, बनियनमध्ये कापूस. काकू बाहेरून ओरडायच्या, 'माल खराब व्हई!' आणि आत खिदळणं वाढायचं. त्या तीन दिवसांची निरीक्षण वहीत एकही नोंद नाही. मला वाटतं, वहीचा सगळ्यात चांगला भाग तोच.

पण नानांचं मोठं कर्तृत्व यापुढचं. धाकट्याला छंद होता. आधीपासून होता. रोज दुपारी तो आणि गल्लीतली दोन पोरं रुळांकडे जाऊन लिंबाखाली बसायची आणि मालगाडीचे डबे मोजायची. कोळशाच्या गाडीला बहुतेक वेळा 58 नाहीतर 59 डबे असतात, हे त्यांनी स्वतः मोजून काढलं होतं. इंजिनं किती, गार्डाचा डबा कुठे, गार्डानं हात हलवला की नाही, सगळं वहीच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरात लिहिलेलं. गार्डानं हात हलवला तर फुली.

ती पानं नानांच्या हाती लागली. त्यांचे डोळे भरून आले. 'बघा, म्हणजे संस्कार झाले!' असं म्हणून त्यांनी त्याच रात्री पट्टी-पेन्सिल घेऊन तक्ता आखला. अनुक्रमांक, दिनांक, वेळ, दिशा, मालाचा प्रकार, डब्यांची संख्या, शेरा. गार्डाच्या हाताला रकाना नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी नाना टोपी घालून पोरांबरोबर लिंबाखाली गेले. तिसऱ्या दिवशी नाना गेले, पोरं गेली नाहीत. चौथ्या दिवशीही नाना एकटेच बसलेले दिसले. एक गार्ड त्यांच्याकडे पाहून हात हलवून गेला, असं चहावाला सांगत होता.

आजींना मी विचारलं, की पोरांचं कसं चाललंय. त्या कापसाच्या वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, 'पोरे चांगला शेतस. हाऊच वाया गया.'

शाळा उघडली. कार्यानुभवाच्या तासाला धाकट्यानं कंदील नेला. बकरीनं सोडलेला भाग होता, त्याला नानांनी नव्या झिरमिळ्या लावून दिल्या होत्या. गुरुजींनी विचारलं, 'स्वतः केलास?' पोरगं खरं बोलणारं. म्हणालं, 'मी खळ धरली होती.' श्रेणी मिळाली ब-2.

नाना अर्धा दिवस रजा टाकून शाळेत गेले. बारा कोन, एक खिळा नाही, तोलाचा सगळा हिशेब त्यांनी गुरुजींपुढे मांडला. गुरुजी शांतपणे म्हणाले, 'नाना, तुम्हाला मी अ-1 दिला असता. पण तुमचं नाव हजेरीपटावर नाही.'

दोन दिवस नाना गप्प होते. गल्लीला वाटलं, यंदाचं वारं उतरलं. पण मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, घोड्यांचा मोठा बाजार असतो, हे कुणीतरी त्यांच्यासमोर बोललं. परवा नाना घोड्यांच्या जातींचा तक्ता आखताना दिसले. रंग, उंची, चाल, खूण, किंमत, शेरा. पोरांना तिथे फक्त पाळण्यात बसायचं आहे आणि जिलेबी खायची आहे, हे त्यांना सांगायची अजून कुणाची हिंमत झालेली नाही.

धाकट्यानं मात्र आजीला बाजूला घेऊन विचारून ठेवलंय, की सारंगखेड्याला नुसते घोडेच विकतात का?

आजी म्हणाल्या, 'गिऱ्हाइक कोन शे?'