तीन किलोंचे पालक

शुक्रवारी भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली रो-रो तासाभरात मांडव्याला लागते. तिच्यातून उतरणाऱ्या वीकेंडवाल्यांत एक नमुना हटकून सापडतो: हातात मोटारीची किल्ली, कडेवर कुत्रं. छोट्या कुत्र्यासारखं सोयीचं जनावर नाही, असं या गृहस्थांचं ठाम मत असतं आणि ते खोटं नाही. चिवावाचं वजन जेमतेम तीन किलो. मूठभर खाण्यात भागतं, मुंबईच्या फ्लॅटमध्ये मावतं आणि ग्रेट डेन आठ-दहा वर्षांत आटोपतो, तिथे हे चौदा-पंधरा वर्षं साथ देतं. 2020 साली रो-रो सुरू झाल्यापासून तर वडखळच्या कोंडीत धापा न टाकता ते गाडीसकट बंगल्यावर पोचतं. पण हे सगळे फायदे तराजूचे. तोटे पाहायचे तर कुत्र्याकडे नव्हे, मालकाकडे पाहावं लागतं, कारण आपण कुत्रं पाळलंय हेच त्याला मान्य नसतं.

व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातल्या संशोधकांनी ऑस्ट्रियातल्या हजारावर कुत्रेमालकांना प्रश्न विचारून 2010 साली निष्कर्ष मांडले. लहान कुत्री कमी ऐकतात, लवकर गुरगुरतात. पण त्यांचे मालकही त्यांना कमी शिकवतात आणि आज एक, उद्या दुसरा नियम लावतात. आपल्याकडेही तेच. लॅब्रेडॉर अंगावर धावला की ट्रेनर येतो. पॉमेरेनियन माळ्याच्या पोटरीला लागला की ‘त्याला अनोळखी माणसं आवडत नाहीत’ एवढ्यावर मिटतं, आणि अनोळखी ठरतो तो वर्षभर बंगला सांभाळणारा माळी! केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये ज्या 23 ‘हिंस्र’ जातींवर बंदी घालायला राज्यांना सांगितलं, त्यांत मांडीवर मावणारी एकही नव्हती. ते परिपत्रक पुढे कोर्टात टिकलं नाही, पण या मंडळींच्या लेखी चारित्र्याचा दाखला मिळाला तो मिळालाच. एवढेसे दात, ते काय करणार, हा त्यांचा सवाल. रेबीजचा विषाणू मात्र वजनकाटा बघत नाही. लस तीन किलोंनाही तीस किलोंइतकीच लागते.

खाली सोडलं तर गावठी कुत्री फाडतील, हा आक्षेप मात्र खरा आहे. अशा वेळी उचलावंच. पण सदान्‌कदा कडेवर राहिलेल्या जिवाला हुंगून ओळख करून घेण्याची रीत कळणार कधी? मग ते मालकाच्या खांद्यावरून अख्ख्या जेटीला शिव्या घालतं आणि खालची कुत्री बिचारी तोंडाकडे बघत राहतात. शिवाय सोफ्यावरून उड्या मारून गुडघ्याची वाटी सरकते ती त्याची. गळ्यातला पट्टा ओढला की श्वासनलिका दबते तीही त्याचीच. आणि लाडाने भरवलेला पंचवीस ग्रॅमचा पेढा? साठ किलोंच्या माणसाने एका बैठकीत अर्धा किलो पेढे संपवावेत, तसा हिशेब. हे मालकाला सांगून पाहावं. तो पेढ्याचा उरलेला तुकडा पुढे करत म्हणतो, ‘‘अहो, पण त्याला आवडतो ना!’’