वारल्यांचे नाव न घेणाऱ्या एका सौजन्यशील कंपनीस अनावृत पत्र

तलासरी, जिल्हा पालघर

रा. रा. संचालक व मुख्य डिझायनरसाहेब, मुंबई, यांस सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

पत्राच्या मायन्यातच आपल्या कंपनीचे नाव गाळले आहे याचा राग मानू नये. ज्या गृहस्थांनी आपल्या मालावर दुसऱ्या कोणाचेही नाव न घालण्याचे व्रत इतक्या निष्ठेने पाळले, त्यांना लिहिताना त्यांचाच शिरस्ता पाळणे मला शिष्टाचारास धरून वाटले. मी तलासरीच्या तहसील कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस आहे. दाखले, फेरफार, वारसनोंदी, वनहक्काचे दावे, म्हणजे आपल्याच वस्तूवर आपलाच हक्क आहे हे सरकारास पटवून देण्यासाठी लोकांना जे कागद करावे लागतात, ते लिहिणे हा माझा व्यवसाय. त्यामुळे एखादी वस्तू कोणताही कागद न होता, कोणाचा जबाब न घेता, नोटीस न चिकटवता एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेली दिसली, की माझे व्यावसायिक कुतूहल जागे होते. आणि आपली हूडी पाहून ते जितके जागे झाले तितके कोणाही तलाठ्याचे दप्तर पाहून आजवर झाले नव्हते.

ही हूडी येथवर आली ती मुंबईस नोकरीला असलेल्या एका तरुणाच्या अंगावरून. तांबूस गेरव्या रंगाचे जाड कापड, पाठीवर पांढऱ्या रेघांचा चौक, चौकाच्या चारी बाजूंस नक्षीच्या पट्ट्या, आणि खांद्यावरून बाहीत उतरत जाणारी, दोन त्रिकोणांची टोके जुळवून केलेली, एकमेकांच्या कमरेला हात घालून नाचणारी माणसे. नाचाच्या मध्यभागी तारपा वाजवणारा असावा लागतो, तोही आहे. परंतु भोपळ्याचा व बांबूचा तो तारपा त्याच्या हातातून काढून घेऊन आपण त्याला सॅक्सोफोन दिला आहे आणि पायाखाली स्केटबोर्ड सरकवला आहे. त्याच मालिकेतील पायमोज्यांवर पंचशिऱ्या देव घोड्यासह विराजमान झाला आहे, व मोजे ओढताना त्याची पाचही मुखे थोडी रुंदावतात, असे तो तरुण म्हणाला. चौकाच्या गर्भात, जेथे पालघट देवी उभी असते, तेथे आपल्या कंपनीचे बोधचिन्ह आहे, आणि त्याच्या खांद्याशी वर्तुळात कोंडलेले ते इवलेसे इंग्रजी अक्षर आहे, जे हे चिन्ह रीतसर नोंदलेले असून त्यास कोणी हात लावल्यास कज्जा होईल असे जगास बजावते. त्या संबंध वस्त्रावर मालक नोंदलेली अशी वस्तू तेवढी एकच.

गळ्याशी शिवलेल्या चिठ्ठीवर चार आकडी किंमत आहे, आणि हे आरेखन एका प्राचीन जमातीच्या स्मृतीस मानवंदना म्हणून केले असल्याचा मजकूर आहे. मजकूर वाचून मी मान वर केली, तेव्हा ती प्राचीन जमात माझ्यासमोर जातीच्या दाखल्यासाठी रांग लावून बसली होती, व तिच्यापैकी बऱ्याच जणांचे लक्ष मोबाइलमध्ये होते. आपल्या स्मृतीस मानवंदना झाली हे त्यांना कळवावे किंवा कसे, हा प्रश्न मला पडला. परंतु दाखल्याची वेळ टळत होती, म्हणून राहिले.

आता चौकाविषयी दोन शब्द लिहितो, कारण आपल्या आरेखन-विभागाने ती निव्वळ शोभेची चौकट समजलेली दिसते. वारल्यांच्या घरी लग्न निघाले म्हणजे भिंत शेणामातीने सारवून गेरूने रंगवतात, तांदूळ वाटून त्याचा पांढरा रंग करतात, आणि सवाशिणी बांबूच्या काडीचे टोक चेचून केलेल्या कुंचल्याने पालघटेचा चौक लिहितात. धवलेरी ही त्या लग्नाची पुरोहित, तीही बाईच, आणि तिची गाणी म्हटली गेल्याखेरीज विधी पुढे सरकत नाही. चौक नाही तर लग्न नाही. आमच्या कचेरीच्या परिभाषेत सांगावयाचे तर चौक हा विवाहाचा दस्तऐवज, देवी ही त्यावरील साक्षीदार, आणि धवलेरी ही दुय्यम निबंधक, जिच्यापुढे तो नोंदला जातो. आपण अनोळखी वधूवरांच्या दस्तऐवजाची नक्कल काढून ती गिऱ्हाइकांच्या पाठीवर छापली, आणि साक्षीदाराच्या जागी स्वतःची सही ठोकून दिली. या दस्ताच्या बळावर हूडी घालणारा प्रत्येक तरुण आपल्या कंपनीशी विवाहबद्ध झाला काय, व झाला असल्यास पोटगीची जबाबदारी कोणावर, याचा खुलासा आपल्या वकिलांकडून करून घ्यावा.

कायद्याच्या बाबतीत मात्र मी आपणांस मनःपूर्वक दंडवत घालतो. वारली चित्रास 2014 साली आदिवासी युवा सेवा संघाच्या खटपटीने भौगोलिक मानांकन मिळाले. त्यापूर्वी 2010 च्या दिवाळीत कोका-कोला कंपनीच्या जाहिरातींतून ही चित्रशैली देशभर झळकून गेली होती. पुढे 2016 साली आमच्या डहाणू-घोलवडच्या चिकूसही तेच मानांकन लाभले, तेव्हा या भागात फळ आणि चित्र या दोहोंचा दर्जा कायद्याने सारखा आहे. परंतु 1999 च्या त्या कायद्याची रचना अशी की तो मुख्यत्वे नावाचे रक्षण करतो. परमुलुखात छापलेला माल कोणी वारलीचा म्हणून विकला तर तो अपराधी. पण तोच माल, तीच माणसे, तोच चौक, कसलेही नाव न घेता विकला तर मानांकनाच्या दप्तरात त्याच्याविरुद्ध लिहिण्यासारखे फारसे काही उरत नाही. कृतज्ञतेने नाव घेईल तो सापडेल आणि मूग गिळून छापील तो सुटेल, हे आपण ज्या चपळाईने ओळखले ती वाखाणण्याजोगी आहे. राहता राहिला कॉपीराइट. तो 1957 च्या कायद्यान्वये कर्त्यास हयातभर व त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे मिळतो. त्यासाठी आधी कर्ता दाखवावा लागतो. चौकाखाली सवाशिणींनी नाव घालण्याची चाल नाही, आणि पुढे भिंत पुन्हा सारवली की चौकही तिच्याखाली जातो. पुरावाच शेणाखाली गेल्यावर फिर्याद कशाची करणार?

आपल्या व्यवसायबंधूंपैकी ज्यांना ही हिकमत साधली नाही त्यांची काय गत झाली हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील अर्बन आउटफिटर्स या दुकानदारांनी आपल्या कपड्यांना तेथील नवाहो या आदिवासी लोकांचे नाव दिले. त्या लोकांनी ते नाव व्यापारचिन्ह म्हणून आधीच नोंदवून ठेवलेले. 2012 साली फिर्याद झाली आणि 2016 साली दुकानदारांना तडजोड करावी लागली. उलट प्राडाने 2025 च्या जूनमध्ये मिलान येथे कोल्हापुरी घाटाच्या चपला मंचावरून चालवल्या तेव्हा कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. कोल्हापुरीस 2019 पासून मानांकन असूनही मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिका निकालात निघाली, कारण याचिकाकर्ते त्या मानांकनाचे नोंदलेले धनी नव्हते. पण लोकांनी ओरड केलीच, कंपनीने उगम मान्य केला, आणि वर्षअखेर महाराष्ट्र व कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करण्याची पाळी तिच्यावर आली. एकदा तोंडातून नाव निघाले की प्रकरण असे करारापर्यंत जाते. आपण तोंड मिटून आहात, तेच बरे.

परंतु आमच्या तालुक्यास या प्रकारची ओळख आपल्या आधीपासून आहे, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला भाग आहे. तलासरीचा हा मुलूख पूर्वी ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात मोडत असे, आणि येथील जमीनदार व जंगलाचे ठेकेदार वारल्यांकडून वेठ घेत. वेठ म्हणजे मजुरी न देता करवून घेतलेले काम. बोलावणे आले की स्वतःचे शेत टाकून जावयाचे, आणि तक्रार केली तर मार खावयाचा. लग्नासाठी वारल्याने सावकाराकडून कर्ज काढले तर तो त्या सावकाराचा लग्नगडी होई; तो आणि त्याची नवी बायको, दोघेही, कर्ज फिटेपर्यंत त्याच्या घरी राबत, आणि हिशेबाची वही सावकाराच्याच हाती असल्यामुळे कर्ज कित्येकांच्या हयातीत फिटत नसे. आपण जो चौक पाठीवर छापला तो त्या लग्नाचा आहे, हे आपल्या आरेखन-विभागाने टिपून ठेवावे. अंगावर लंगोटीखेरीज कापड नसलेले ते लोक भिंतीवर तो लिहवून घेत, आणि दुसऱ्या दिवसापासून गहाण पडत. 1945 च्या मे महिन्यात, येथून जवळच झरी येथे, गोदावरी व शामराव परुळेकरांच्या किसान सभेच्या झेंड्याखाली ते जमले आणि वेठ करणार नाही, बारा आण्यांहून कमी रोजावर जमीनदाराच्या शेतात पाऊल टाकणार नाही, असे ठरवून उठले. गोदावरीबाईंच्या नावाचे महाविद्यालय आज तलासरीत आहे. त्यांच्या 1970 सालच्या ग्रंथाचे नाव ‘जेव्हा माणूस जागा होतो’ असे आहे. हे नाव छातीवर ठळक अक्षरांत छापण्याचा मोह आपणांस होईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो, त्या ग्रंथास कर्ता आहे.

जमीनदारही आपल्यासारखेच सुसंस्कृत गृहस्थ होते. वारल्यांच्या कष्टाळूपणाची, भोळेपणाची, नाचगाण्याची त्यांना मनापासून वाखाणणी करता येत असे. पैशाचा विषय निघाला म्हणजे मात्र त्यांना तो प्रसंगास न शोभणारा वाटे. आपली मानवंदना वाचताना मला त्यांची आठवण झाली, ती केवळ या एका गुणामुळे.

चित्र भिंतीवरून उतरूच नये, ते गावाबाहेर जाऊच नये, असे येथे कोणी म्हणत नाही. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार हस्तकला मंडळाच्या कामानिमित्त या पाड्यांतून हिंडले, लोकांना त्यांनी कागद आणि रंग दिले, आणि बायकांच्या हातचे हे काम पुरुषही करू लागले. जिव्या सोमा म्हशे हे त्यांपैकीच. जन्म आमच्याच तालुक्यातील धामणगावचा, आयुष्य डहाणूच्या गंजाडजवळ गेले. लग्नाची वाट न पाहता ते रोज चित्र काढू लागले. कोळ्याचे जाळे, मुंग्यांची रांग, भाताची मळणी, जे दिसेल ते. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली ते वारले. त्यांची चित्रे परदेशी गेली, विकली गेली, आणि प्रत्येक चित्राबरोबर त्यांचे नावही गेले. त्यामुळे पालघटेचा कोप झाल्याचे ऐकिवात नाही. आज या दोन तालुक्यांत कापडावर, साडीवर, मागाल तर हूडीवरही चित्र काढून देणारे हात पुष्कळ आहेत, आणि ते शोधण्यासाठी मुंबईहून लोकलने डहाणूस उतरण्यापलीकडे साहस करावे लागत नाही. (न्यायाची गोष्ट बोलावयाची तर आमचे सरकारी ठेकेदारही आपल्याहून सरस नाहीत, कचेऱ्यांच्या कुंपणापासून मुताऱ्यांपर्यंत त्यांनी तारपा नाचवला आहे, व रंगाचे बिल तेवढे रीतसर मंजूर झालेले असते.)

पुढील हंगामात आपण या भागातून पुन्हा काही उचलण्याच्या विचारात असाल, तर एक नमुना सुचवतो. मुंबई–वडोदरा द्रुतगती महामार्ग आमच्या हद्दीतून जातो, अहमदाबादची बुलेट ट्रेनही येथूनच जाणार आहे, आणि डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण येथे प्रचंड बंदर होऊ घातले आहे, ज्याची पायाभरणी 2024 च्या ऑगस्टमध्ये झाली. त्यांपैकी मार्गांच्या पायी भूसंपादनाच्या नोटिसांचे पीक या भागात उदंड आले. ती अस्सल स्थानिक वस्तू असून तिच्यावर कोणाचाही कॉपीराइट सांगितला जाणार नाही. छपाईच्या दृष्टीने अडचण एवढीच, की त्यांत खातेदाराचे संपूर्ण नाव, बापाचे नाव, गट क्रमांक व क्षेत्र असा तपशील असतो. वारल्यांचे नाव घेण्यात त्या खात्याने कधीही काटकसर केलेली नाही. जमीन घ्यावयाची असली म्हणजे नाव अचूक लागते.

असो. माझ्याकडे आलेल्या मंडळींच्या वतीने मागणे थोडके आहे. पालघटेच्या जागेवरून बोधचिन्ह काढून घ्यावे. पंचशिऱ्यास पायातून वर घ्यावे. पुढे ज्यांच्या हातचे चित्र घ्याल त्यांची नावे चिठ्ठीवर छापावीत, आणि मोबदला छपाईपूर्वी ठरवावा, छपाईनंतर नव्हे. तो बारा आणे नसावा, एवढे मी मसुद्यात माझ्या जबाबदारीवर घातले आहे. त्या मंडळींतील एका सवाशिणीने तारपा वाजवणाऱ्यास त्याचा तारपा परत द्यावा, सॅक्सोफोन हवा असल्यास त्याने तोही ठेवावा, असे सांगितले. ते जसेच्या तसे लिहिले आहे.

उत्तर टपालाने पाठवावे. पाकिटावर तलासरी, जिल्हा पालघर, 401606 एवढे लिहिणे टपालखात्याच्या नियमानुसार आवश्यक आहे. आपल्या आजवरच्या संयमास त्यामुळे थोडा बाध येईल. परंतु नाव नसलेले पाकीट पोस्टमास्तर परत पाठवतात, त्यास माझा इलाज नाही.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला नम्र,
तहसील कचेरीबाहेरचा अर्जनवीस