कार्ल्याच्या चढावर गिअर कसा टाकावा : नवशिक्यांसाठी सोपी कृती

साहित्य : ट्रायथलॉनची सायकल एक, मोकळा रविवार एक आणि घरी सांगायची किंमत (खऱ्या किमतीच्या निम्मी). पोहता येत नसेल तरी चालेल; ते पुढचं पुढे.

१. हँडल ओळखा. या सायकलला ती दोन असतात. एक आडवं, बैलाच्या शिंगांसारखं, ब्रेक त्यावर. दुसरं म्हणजे मधून पुढे निघालेल्या दोन दांड्या. त्यांवर कोपरं टेकून वारा चुकवत जायचं. आयर्नमॅनमध्ये १८० किलोमीटर, अर्ध्या आयर्नमॅनमध्ये ९०. आता सांगा, गिअरचा खटका कुठल्या हँडलवर हवा? घाईने उत्तर देऊ नका, दुकानदार ते देणारच आहे.

२. दांडीच्या टोकाचा खटका. साधी कळ, साधी केबल, खिशाला परवडणारी. वडगावहून जुन्या हायवेने ओणवं येताना हात आपोआप खटक्यावरच असतो. मग कार्ले फाट्याला लेण्यांकडे वळा. चढ अंगावर आला की आपण सीटवरून उठतो, हात शिंगांवर जातात आणि खटका लांब पुढे राहतो. एक हात सोडावा तर पुढचं चाक डगमगतं, आणि मागून एकवीरेच्या दर्शनाला निघालेली बस हॉर्न देते. पावसाळ्यात आणखी एक गंमत : कळ ‘टक्’ वाजते, चेन मात्र हलत नाही. केबलच्या आवरणात मावळचा चिखल जाऊन बसलेला असतो.

३. ब्रेकसोबतचा खटका. साधी रेसिंग सायकल घ्या आणि तिलाच दांड्या जोडा. चढावर ब्रेक-गिअर एका मुठीत. सपाटीवर मात्र गिअरसाठी दर वेळी उठायचं. शिमानोने ही सोय १९९० मध्ये आणली. त्याआधी खटके फ्रेमच्या खालच्या नळीवर असत, हात सोडून वाकावं लागे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट मारणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. तो घाट वाकून गिअर टाकणाऱ्यांनीही मारला आहे. हे दुकानात बोलू नका, लोक दुखावतात.

४. इलेक्ट्रॉनिक. बटणं दोन्ही हँडलांवर, म्हणजे भांडणच मिटलं. स्रॅमच्या बिनतारी प्रकारात उजवं बटण गिअर जड करतं, डावं हलका. दोन्ही एकदम दाबली की पुढची चकती बदलते. दम लागल्यावर डावं-उजवं कळत नाही, म्हणून हे घरी पाठ करा. बॅटरी आदल्या रात्री चार्जिंगला लावा. चैत्रात एकवीरेच्या जत्रेचे पाहुणे उतरले असतील तर प्लग आधी अडवून ठेवा.

५. गिअर टाका. कधी? चढाच्या आधी, पाय हलके असताना. चढात पूर्ण जोर देऊन टाकला तर खटका लाखाचा असो वा हजाराचा, चेन सारखीच करकरते.

६. शेवटी मागे वाकून कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच, बघा. हे खरं तर पहिल्यांदा करायचं, पण मग कोणी खटक्यांवर एवढा खर्च केला नसता. या सायकली बहुधा सपाटीच्या हिशेबाने येतात : पुढची चकती मोठी, मागची सर्वांत मोठी चकती २५ किंवा २८ दात्यांची. लेण्यांच्या चढाला ३२ किंवा ३४ ची मागा. चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या तुमच्या डिरेलरला ती झेपते का, तेही विचारा. कॅसेटमध्ये नसलेला गिअर जगातला कुठलाच खटका टाकू शकत नाही.