समिती जिंकली, म्हणून संपली!

"आक्का, ऐकलंत का? पलीकडच्या गल्लीतल्या भावड्यानं पक्ष काढलाय. दारावर बोर्डबी लागला."

"पक्ष कुठला वहिनी, आघाडी असंल. निकाल लागला की बोर्ड उतरतोय."

"मग टिकायचंच नाही तर काढायचा कशाला?"

"टिकण्यावर काय हाय? संयुक्त महाराष्ट्र समिती कुठं टिकली? मुंबईसकट मराठी राज्य मागायला फेब्रुवारी 1956 ला पुण्यात जन्मली, पाच-सहा वर्षांत नावापुरती उरली. पण तेवढ्यात अख्खा सातारा घुसळून काढला. 30 नोव्हेंबर 1957 ला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तर पसरणीच्या घाटात दोन्ही कडेला माणसं काळी निशाणं घेऊन उभी. आमचे मामंजीबी गेलते. निशाण कुठलं, तर सासूबाईंच्या चंद्रकळेचा पदर टरकावून नेलेला! राज्य मिळालं, पण लुगडं काय भरून मिळालं न्हाई, असं सासूबाई मरेपर्यंत ऐकवायच्या."

"काँग्रेसचे यशवंतराव चव्हाण आमच्या फलटणलाच म्हणाले होते ना, महाराष्ट्रापेक्षा नेहरू मोठे?"

"व्हय. त्याचाच राग 57 च्या निवडणुकीत निघाला. आपल्या कराडात, त्यांच्या घरच्या मैदानात, शेतकरी कामगार पक्षाच्या, म्हंजी शेकापच्या, केशवराव पवारांनी त्यांना घाम फोडला. कसेबसे निवडून आले. आणि साताऱ्याचे खासदार कोण? माझ्या माहेरचे, येडेमच्छिंद्रचे नाना पाटील! इंग्रजांविरुद्धच्या पत्री सरकारवाले. कम्युनिस्टांच्या कणीस-विळ्यावर निवडून आले."

"समितीची निशाणी न्हवती?"

"शेकाप, समाजवादी, कम्युनिस्ट, ज्याची त्याची चूल निराळी. मागणी तेवढी एक. 1 मे 1960 ला राज्य झालं आणि समाजवादी बाहेर पडले. 1962 ला काँग्रेसनं 264 पैकी 215 जागा घेतल्या. साताऱ्यात काँग्रेसचे किसन वीर आले. तेबी पत्री सरकारातलेच."

"आणि नव्या राज्याचा मंगलकलश यशवंतरावांच्या हातात! रांधलं एकानं, वाढलं दुसऱ्यानं."

"तसं नका म्हणू. दिल्लीला पटवलं त्यांनीच. पण 57 ला मतं फिरली नसती, तर दिल्लीनं त्यांचं ऐकून तरी घेतलं असतं का? समितीनं भीती घातली, यशवंतरावांनी ती वापरली."

"म्हणजे काम झालं आणि समिती गेली. बरंच झालं की."

"बरंच. न्हाई तर बेळगावात बघा. बेळगाव राहिलं कर्नाटकात, आणि तिथली महाराष्ट्र एकीकरण समिती अजून निवडणुका लढवतीय. आमची धाकटी नणंद तिकडंच दिलीय. मी एकदा सहज म्हणाले, तुमची समिती टिकली हो. तर म्हणते कशी, वैनी, तुमची मेली तेच नशीब समजा!"